पहिलं पदक

परवा भाचीने एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न तसा किरकोळ. मी मांडी घालून ऑनलाइन सामने खेळत बसले होते, ती शेजारी गुडघे पोटाशी धरून बघत होती. स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा गेम, आणि हातात नेहमीची मॅनॉन. उंच, लांब पायांची फ्रेंच बाई. चालते ती बॅले नाचल्यासारखी आणि हाताच्या टप्प्यात कुणी आलं की ज्युदोची पकड घालून, गिरकी देऊन आपटते. तिची एक खास पकड आहे. ती लागली की पडद्यावरचं तिचं पदक एक पायरी वर चढतं. एक, दोन, तीन असं पाचापर्यंत. पदक जितकं वरचं तितकी तीच पकड समोरच्याला महाग पडते, आणि गंमत म्हणजे फेरी संपली तरी ते खाली उतरत नाही. पहिली फेरी हरलात तरी कमावलेलं तुमच्यापाशीच राहतं. हे सगळं मी भाचीला मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते कळलं गं मावशी. पण लढाई सुरू व्हायच्या आधीच तिच्याकडे एक असतं. ते कुठून आलं?"

"असंच असतं ते. सुरुवातच एकापासून होते."

"हं," ती म्हणाली आणि उठून गेली.

त्या 'हं'ने मला दोन दिवस छळलं. मॅनॉनबरोबर मी दोनशेहून जास्त तास घालवलेत. तिचा कुठला ठोसा किती फ्रेममध्ये निघतो, कुठली लाथ अडवली गेली तर आपण उघडे पडतो, हे झोपेत विचारलं तरी सांगेन. सेकंदाचे साठ तुकडे करायचे आणि त्यातल्या चार तुकड्यांत कोण काय करू शकतं यावर वाद घालायचा, असला आमचा पंथ. इतकं बारीक ठाऊक असलेल्या बाईला ती कोण आहे एवढंच ठाऊक नव्हतं. तिची गोष्ट गेममध्ये आहे. गेम घेतला त्या दिवशी मी ती उघडलीही होती. चित्र आलं, खाली अक्षरं उमटायला लागली, आणि माझा अंगठा सवयीने बटनावर गेला. कुणीतरी आपल्याशी बोलायला तोंड उघडावं आणि आपण दार लावून घ्यावं, तसं वाक्य मधेच तुटलं. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

मी काही कायमची अशी नव्हते. दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्ट्रीट फायटर २ खेळायचो तेव्हाचे दिवस आठवतात. जाड काचेचा पडदा, त्यावर हात नेला की मनगटावरचे केस उभे राहायचे. कीबोर्डच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधल्या कळा कुणाच्या यावरून खरी मारामारी. निवडीच्या पडद्यावर आठ चेहरे आणि वर जगाचा नकाशा. एक लढाई जिंकली की छोटंसं विमान नकाशावरून भुर्रकन पुढच्या देशात जायचं. मला लढाईपेक्षा ते विमानच जास्त आवडायचं. मूळ गेम 1991 मधला, आमच्यापर्यंत तो बराच उशिरा आणि कुणाकुणाच्या हातून आला, त्यामुळे सोबत ना पुस्तिका ना पेटी. इंग्रजी वाचेपर्यंत पडदा बदललेला असायचा. मग गोष्टी आम्हीच रचायचो. झँगीफच्या अंगावर ओरखडे का, तर अस्वलाशी कुस्ती खेळतो म्हणून. (हे पुढे अगदी खरं निघालं.) गाइलचे केस तसे का, तर विमानाच्या पंख्याजवळ उभा राहिला म्हणून. (हे नाही निघालं.) आणि ब्लांका, तो हिरवा, विजेचे झटके देणारा, तो आमच्या मते सरळसरळ राक्षस होता. त्याला हरवताना जरासुद्धा वाईट वाटायचं नाही.

मग एका दुपारी दादाने ब्लांकाने गेम पूर्ण केला. शेवटी एक बाई पळत आली, त्याच्या पायातली कडी तिने ओळखली आणि त्याला जिमी म्हणून हाक मारली. लहानपणी विमान पडून जंगलात हरवलेला तिचा मुलगा. चारपाच ओळींचं इंग्रजी, एक मिठी, संपलं. आम्ही दोघं गप्प बसलो होतो. पंख्याचा आवाज येत होता. त्यानंतर बरेच दिवस समोर ब्लांका आला की माझा हात जरा मऊ पडायचा आणि मी हरायचे, आणि दादा म्हणायचा, "अगं, तो कॉम्प्युटर आहे, तुझं रडणं त्याला दिसत नाही."

इतक्या वर्षांनी विचार करताना लक्षात येतं की त्या पिढीच्या गोष्टी पोस्टाच्या तारेसारख्या होत्या. जागा कमी, शब्द मोजून. चुन-ली वडिलांच्या खुनाचा माग काढतेय. गाइलला मित्राचा सूड घ्यायचाय. धाल्सिम गावासाठी पैसे उभे करायला लढतो. बास. गाइलचा तो मित्र चार्ली तेव्हा पडद्यावर कुठेच नव्हता, नुसतं नाव. मेलेला माणूस, फक्त कुणाच्या तरी रागाचं कारण म्हणून अस्तित्वात असलेला. 1995 मध्ये स्ट्रीट फायटर अल्फा आला, त्यात काळ मागे नेला आणि चार्ली चक्क निवडता यायला लागला. चष्मा घातलेला, कपाळावर केसांची बट. मला ते बघून विचित्र वाटलं होतं. ज्याच्यासाठी आपण इतकी वर्षं सूड घेत आलो तो आता हातात, आणि त्याला पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक, त्याला नाही.

धाल्सिमबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्याच्याबद्दल माझं मन कधीच एका जागी बसलेलं नाही. हातपाय लांबवणारा, तोंडातून आग ओकणारा योगी, गळ्यात कवट्यांची माळ. दूरच्या कुणीतरी आपल्याला बघून काढलेलं व्यंगचित्र म्हणून चिडायचं तर चिडता येतं, आणि मी कॉलेजात असताना यथास्थित चिडूनही घेतलंय. पण त्याची गोष्ट वाचली की राग पातळ होतो. त्या कवट्या त्याच्या गावात साथीने गेलेल्या मुलांच्या आहेत. तो त्या मिरवत नाही, वागवतो. त्याला मारामारी मनापासून आवडतही नाही, तरी लढतो. आणि त्याच्या मुलाचं नाव आहे दत्ता! बायकोचं नाव सॅली ठेवणाऱ्यांना दत्ता कुठून सुचला, देव जाणे. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. जपानमधल्या कुठल्याशा ऑफिसात बसून त्याला घडवणाऱ्यांनी नकळत माझ्या वर्गातल्या चार मुलांचं नाव उचललं होतं. तेव्हापासून धाल्सिम मला जरा शेजारचा वाटतो, माळेसकट.

काही पात्रांचा जन्म तर निव्वळ चुकीतून झालाय, आणि या गोष्टी मला कुठल्याही अधिकृत कथेपेक्षा प्रिय आहेत. स्ट्रीट फायटर २ मध्ये जिंकल्यावर रियू जे म्हणायचा, त्याचा मूळ जपानी अर्थ साधा होता: माझा उसळत्या ड्रॅगनचा ठोसा पेलता आला नाही तर तू जिंकणार नाहीस. ती चिन्हं चिनी पद्धतीने वाचली की 'शेंग लाँग' होतं. इंग्रजीत आलं ते असं की शेंग लाँगला हरवल्याशिवाय तुझा निभाव लागणार नाही. झालं. हा शेंग लाँग कोण, यावर मुलांच्या झोपा उडाल्या. 1992 च्या एप्रिलमध्ये इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली या मासिकाने एप्रिल फूल म्हणून छापलं की रियू घेऊन एकही फटका न खाता शेवटच्या खलनायकापर्यंत जा, त्याच्यासमोरही कुणी कुणाला न मारता दहा फेऱ्या वेळ संपू द्या, मग शेंग लाँग येतो. किती मुलांनी किती संध्याकाळी यापायी घालवल्या असतील! ठोशाचं नाव माणूस झालं, त्या माणसाला दाढी आली, तो रियूचा गुरू ठरला. रियूचा खरा गुरू गोकेन, तो 2008 च्या स्ट्रीट फायटर ४ मध्ये एकदाचा समोर आला, पण माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या डोळ्यांपुढे गुरू म्हटलं की तो नसलेला म्हाताराच येतो.

मॉर्टल कॉम्बॅटमधल्या अर्मॅकची कथा तर याहून भन्नाट. पहिल्या मशीनच्या आत, फक्त मशीनमालकाने बघायच्या हिशेबाच्या पानावर एक ओळ होती, 'अर्मॅक्स'. एरर मॅक्रोचं लघुरूप, म्हणजे काहीतरी बिघडलं तर ते मोजायचा आकडा. कुणीतरी ते पाहिलं आणि लोकांनी ठरवलं की हा लपलेला लाल निन्जा आहे. आधीच त्या गेममधले निन्जे एकाच माणसाला एकच कपडे घालून, रंग तेवढा बदलून केलेले. पिवळा स्कॉर्पियन, निळा सब-झिरो, हिरवा लपलेला रेप्टाइल. लाल एक असायला काय हरकत? नव्हताच तो. पण अफवा इतकी टिकली की 1995 मध्ये अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३ मध्ये अर्मॅक खरोखर घातला गेला. त्याला गोष्ट दिली ती अशी: युद्धात मेलेल्या अनेकांचे आत्मे एका देहात गोळा झालेत, म्हणून तो स्वतःला 'आम्ही' म्हणतो. ज्या कुणाला हे सुचलं त्याला मुद्दाम सुचलं की सहज, कल्पना नाही, पण याहून खरी गोष्ट त्या पात्राला मिळूच शकली नसती. तो होताच तसा. शेकडो पोरांच्या हट्टातून गोळा झालेला.

नवा माणूस आला की मात्र आमचा पंथ आधी नाक मुरडतो.

हे मी स्वतःला वगळून म्हणत नाही. 1997 मध्ये स्ट्रीट फायटर ३ आला तेव्हा त्यात रियू आणि केन सोडले तर ओळखीचा एकही चेहरा नव्हता. दादाने तो मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी विचारलं होतं, "बाकीचे कुठे गेले?" जणू शाळेत नव्या वर्गात गेल्यावर शेजारच्या बाकावर परकंच कुणीतरी बसलंय. आज त्या गेमचं चित्रण डोळे भरून बघते, डडलीचा गुलाब, एलेनाचं झुलणं, कपड्यांच्या चुण्यासुद्धा श्वास घेतल्यासारख्या. पण तेव्हा मला हवी होती चुन-ली. लोकांनाही हवी असावी, त्याच गेमच्या 1999 मधल्या थर्ड स्ट्राइक या आवृत्तीत ती परत आली. त्याच थर्ड स्ट्राइकमध्ये क्यू नावाचं एक पात्र आहे. लांब कोट, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर पत्र्याचा मुखवटा, चाल अवघडलेली. त्याची गोष्ट काय? काही नाही. तो कोण हे कुणालाच माहीत नाही, हीच त्याची गोष्ट. मी तरुणपणी त्याला आळशीपणा म्हणायचे. आता वाटतं, कुणीतरी फार शहाणपणाने हात आखडता घेतला होता.

स्ट्रीट फायटर ३ च्याच वर्षी, 1997 मध्ये आलेल्या टेकेन ३ या दुसऱ्या मारामारीच्या गेमने उलटी वाट धरली. सरळ एक पिढी उडी मारली. जुन्यांची मुलं आणि शिष्य पुढे आले. जिन आला, ह्वोरांग आला, शाळकरी शाओयू आली. जॅग्वारचा मुखवटा घालून कुस्ती खेळणारा किंग तसाच दिसत होता, पण तो तो नव्हता. पहिला किंग अनाथाश्रमातल्या मुलांसाठी लढायचा. तो मारला गेला, आणि त्याच आश्रमात वाढलेल्या एका मुलाने तो मुखवटा चढवला. निवडीच्या पडद्यावर फरक काहीच कळत नाही. जॅग्वारचं तोंड तेच, दंड तेच. जुन्या किंगने खेळणारा माणूस न वाचता थेट लढायला लागला तर त्याला कधी समजणारही नाही की त्याचा माणूस मेलाय. मलासुद्धा दोन महिने समजलं नव्हतं. समजलं त्या दिवशी मी चुकल्यासारखी होऊन एक सामना नीट, हळू, कुठलाही चावटपणा न करता खेळले. कुणी बघत नव्हतं. आता लिहितानाही जरा लाजल्यासारखं होतंय.

आता नवीन पात्रं अशी एकदम पंगतीला बसत नाहीत. एकेक करून वाढली जातात. स्ट्रीट फायटर ६ आला 2 जून 2023 रोजी, अठरा जणांना घेऊन. त्यानंतर रशीद, मग अकी, मग एड, मग अकुमा, प्रत्येकाच्या मधे काही महिने. आधी काळी आकृती, मग ट्रेलर, मग ट्रेलरच्या प्रत्येक फ्रेमची चिरफाड, मग पैसे भरून दार उघडणं. यावर कुरकुर करायला मला आवडतं आणि मी करतेही, पण 2013 मध्ये एक गोष्ट वाचली होती ती आठवून जरा आवरतं घेते. स्कलगर्ल्स नावाच्या, हाताने चित्रं काढून केलेल्या गेमच्या लोकांनी नवीन पात्रासाठी वर्गणी मागितली होती. एका पात्राला दीड लाख डॉलर. लोक हबकले. एका बाहुलीला इतके? मग त्यांनी हिशेबच मांडला: चित्रकारांचे कित्येक महिन्यांचे पगार, आवाज, चाचण्या, कन्सोलवाल्यांच्या मंजुऱ्या. वर्गणी मागितली त्याच्या कितीतरी पट जमली. त्या यादीत गोष्ट लिहिणाऱ्याचा वाटा किती होता हे मला आठवत नाही. बहुतेक सगळ्यात कमी असणार. गोष्ट स्वस्त असते, कोपर वळवणं महाग.

स्वस्त आहे म्हणूनच तिच्याशी वाटेल तसं वागताही येतं. टेकेन ७ मध्ये बापलेकाच्या शेवटच्या झुंजीनंतर हेइहाचीला लाव्हात फेकलं. टेकेन ८ मध्ये तो 2024 साली पुन्हा विकायला हजर. स्ट्रीट फायटरचा खलनायक बायसन किती वेळा मेला हे मोजणं मी सोडलंय. या वेळी, स्ट्रीट फायटर ६ मध्ये, तो परतला तो स्मृती गेलेला, घोड्यावर बसून, फाटक्या झग्यात. मला आधी हसू आलं. आणि नंतर वाटलं, बरोबरच आहे की. गेल्या खेपेला आपण काय केलं हे त्याला कसं आठवणार, प्रत्येक गेममध्ये त्याला पहिल्यापासून जगायला लावतात. बाहेरून आणलेल्या पाहुण्या पात्रांचं तर विचारूच नका. सोलकॅलिबर २ मध्ये तुमच्याकडे कन्सोल कुठला यावर ठरायचं की पाहुणा लिंक, हेइहाची की स्पॉन. आणि 2025 च्या फेटल फ्युरीत चक्क क्रिस्तियानो रोनाल्डो आहे. त्याची पूर्वकथा लिहायची गरजच नाही, ती सगळ्यांना पाठ आहे, आणि नेमकी त्यामुळेच तो तिथे कुणाचाच वाटत नाही. भोवतीच्या प्रत्येकाचं काहीतरी हरवलंय, ते शोधायला ते आलेत. हा नुसता आलाय.

त्याच फेटल फ्युरीत रॉक हॉवर्ड आहे. टेरी बोगार्डच्या वडिलांना गीस हॉवर्डने मारलं, टेरीने आयुष्याची उमेद घालून गीसचा निकाल लावला. इथपर्यंत शंभर गोष्टींसारखीच. पण मागे राहिला गीसचा मुलगा, आणि त्याला वाढवलं टेरीने. त्याच मालिकेतल्या 1999 च्या गारोमध्ये रॉक मोठा होऊन समोर आला तेव्हा त्याच्या हातापायांत दोघंही होते. काही मूव्ह बापाच्या, जमिनीवरून सरपटत जाणारी ती लाट, काही टेरीच्या. एकही शब्द न वाचता कळतं की या पोराला दोन बाप आहेत. बटनं दाबताना मला कधीकधी प्रश्न पडायचा की या क्षणी तो कोणाची मूव्ह आधी काढेल, आणि मग आठवायचं की ते मीच ठरवतेय.

गिल्टी गिअर या आणखी एका मारामारीच्या गेममधली ब्रिजेट आठवते ती वेगळ्या कारणाने. 2002 मध्ये ती आली तेव्हा गोष्ट अशी होती की तिच्या गावात जुळे मुलगे अशुभ मानत, म्हणून जुळ्यांपैकी एकाला आईबापांनी मुलगी म्हणून वाढवलं. हातात यो-यो, सोबत भलंमोठं अस्वल. तेव्हा बहुतेकांनी ती गोष्ट चेष्टेवारी नेली, मीही त्यातलीच. वीस वर्षांनी, 2022 च्या ऑगस्टमध्ये, ती गिल्टी गिअर स्ट्राइव्हमध्ये परतली आणि तिच्या कथेच्या शेवटी ती स्वतःहून सांगते की आपण मुलगी आहोत. गावाचा धाक संपलाय, कुणाची सक्ती उरलेली नाही, आणि तरीही हे. यो-यो तोच, अस्वल तेच. ते वाचताना मी बटन दाबलं नव्हतं, एवढं मात्र मला ठाम आठवतंय. मग मॅनॉनच्या वेळी का दाबलं?

उत्तर बहुधा असं की मॅनॉन मला जिंकण्यासाठी हवी होती. जिंकायला बसलं की माणूस हत्यार बनतो, आणि हत्याराला कुणी विचारत नाही की तू कुठला. तसं बघितलं तर या गेममध्ये गोष्ट टाळणं जवळपास अशक्य आहे, ती हातातूनच आत शिरते. जेमीचंच घ्या. तो लढता लढता मधेच थांबून घोट घेतो, आणि जितके घोट पोटात जातील तितक्या नव्या मूव्ह त्याला सुचतात. तो घोट घेत असताना समोरचा काही हात जोडून उभा राहत नाही. म्हणजे आधी दूर लोटायचं, मग पटकन प्यायचं, की पुन्हा गर्दीत. त्याची गोष्ट न वाचताही दोन सामन्यांत कळतं की हा पोरगा आत्मविश्वास उसना आणतोय. टेकेनमधला मोकुजिन, लाकडी पुतळा, त्याला स्वतःचं काहीच नाही, दर फेरीला दुसऱ्या कुणाची तरी शैली. एडी तुरुंगात कापोएरा शिकला म्हणतात. इतक्या मोकळ्या गिरक्या बंद खोलीत शिकलेला माणूस! शैली आधी ठरली आणि तुरुंग नंतर सुचला असेल, किंवा उलट. माझ्या बोटांना दोन्ही पटतं.

आणि काही पूर्वायुष्य तर लिहिणाऱ्यांच्या हातातच नसतं. 2004 च्या इव्हो या मारामारीच्या गेमच्या स्पर्धेत थर्ड स्ट्राइकचा तो सामना. जस्टिन वाँगची चुन-ली, दाइगो उमेहाराचा केन, केनचा जीव केसाएवढा उरलेला. एक फटका नुसता अडवला तरी संपेल इतका. चुन-लीने लाथांचा मारा सोडला आणि दाइगोने एकेक लाथ नेमक्या क्षणी परतवली, शेवटची तर हवेत उडी घेऊन, आणि उलट मारून जिंकला. पाठीमागच्या गर्दीचा आवाज त्या चित्रफितीत असा फुटतो की अजून अंगावर काटा येतो. चुन-लीच्या अधिकृत माहितीत हे कुठेही नाही. तिथे वडील आहेत, इंटरपोल आहे. पण आमच्यासाठी तिच्या आयुष्यातला तो एक दिवस आहेच. थर्ड स्ट्राइकमध्ये कुणी चुन-ली निवडली की तो दिवसही तिच्यासोबत येऊन उभा राहतो.

मग एका रात्री सगळे झोपल्यावर मी मॅनॉनची गोष्ट सुरू केली आणि अंगठा मांडीखाली दाबून बसले. खरंच दाबून, सवय वाईट. कळलं ते साधं होतं. ज्युदोची जगज्जेती. त्याशिवाय मॉडेल, तिथेही तिला सगळ्यांच्या वर जायचंय, आणि लढणं हा त्याच तयारीचा भाग. म्हणजे पहिलं पदक आधीच जिंकलेलं, आम्ही भेटायच्या आधी. दोनशे तास मी ज्याला सुरुवातीची पातळी म्हणत होते ते तिचं सगळं आधीचं आयुष्य होतं, छोटंसं, पडद्यावर ठेवलेलं. हरलेल्या फेरीतूनही ती पदकं का उतरत नाहीत तेही आपोआप उलगडलं. जिंकलेलं कोण परत करतं? मी तशीच थोडा वेळ बसून राहिले. कंट्रोलर तळहातात कोमट झाला होता.

पुढच्या रविवारी भाची आली तेव्हा मी लगेच तिला सांगायला गेले. जगज्जेती असते ती, ज्युदोत, म्हणून एक पदक आधीपासून. भाचीने ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"मला वाटलं होतं तिला ते तिच्या मैत्रिणीने दिलंय."

"कुठल्या मैत्रिणीने?"

"होती एक. ती पण पकडी घालायची. मग तिचा गुडघा गेला. मग ती म्हणाली, हे तू घेऊन जा, मी टीव्हीवर बघीन." हे तिने इतक्या खात्रीने सांगितलं की मी क्षणभर मैत्रिणीचं नाव विचारणार होते. म्हणजे गेले आठ दिवस ती माझ्या उत्तरावाचून अडून बसली नव्हती. तिने आपलं आपण निस्तरलं होतं.

"मग खेळायचं का?" मी दुसरा कंट्रोलर पुढे केला. मॅनॉन तिनेच घेतली. माझ्या हाती चुन-ली आली. म्हटलं आधी गोष्ट बघू, आता मला सगळी दाखवायची होती, चित्रांसकट. पण अक्षरं उमटायला लागली न लागली तोच तिचा अंगठा बटनावर.

"अगं, बोलू दे की तिला!"

"मला माहितीये ती काय बोलते," ती म्हणाली. पडद्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, मॅनॉनचं एक पदक आपल्या जागी होतं. पहिल्या फेरीत भाचीला काहीच जमेना, बटनं नुसती बडवत होती, मी तिला सहज हरवलं. दुसऱ्या फेरीत मी जरा जवळ गेले, मुद्दाम की चुकून ते आता सांगता येणार नाही, आणि तिच्या हातून कशी कोण जाणे पण ती पकड लागली. चुन-ली गरगर फिरून आपटली. पदक दोनवर गेलं.

"हे माझं," भाची म्हणाली.